साधनाताई आमट्यांना आपण फक्त ‘बाबांच्या पत्नी’ म्हणून का ओळखतो?

रानजाई

मागच्या आठवड्यात आईचं कपाट आवरताना ‘समिधा’ हाताला लागलं. कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांच्या पत्नी साधनाताई, त्यांचं आत्मकथन. कॉलेजात असताना वाचलं होतं, तेव्हा मी त्यात बाबांना शोधत होते. आता पन्नाशी उलटल्यावर, घरात सून आल्यावर वाचायला घेतलं तर बाबा बाजूला राहिले. डोळ्यांपुढे येत राहिली ती एक बाई, जिच्या चुलीवर जेवणाऱ्यांची पंगत वर्षागणिक लांबत जाते. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते इथे लिहिते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मूळच्या नागपूरच्या इंदू घुले. जन्म १९२६ चा. घर शास्त्री-पंडितांचं, सोवळंओवळं कडक. त्यांची आणि बाबांची पहिली भेट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. लग्नघर गजबजलेलं, बायका नटूनथटून कार्यात रमलेल्या, आणि मागच्या बाजूला घरची म्हातारी मोलकरीण धुण्याच्या ढिगाऱ्यापुढे बसलेली. ही मुलगी गर्दीतून गुपचूप निघाली आणि तिच्या शेजारी बसून कपडे धुऊ लागली. बाबांनी ते पाहिलं. लग्न न करण्याचं ठरवून जटा-दाढी वाढवलेला तो माणूस तिथेच विरघळला. डिसेंबर १९४६ मध्ये लग्न झालं आणि इंदूची साधना झाली.

हा प्रसंग आपण नेहमी ‘बाबांना साधना कशी सापडली’ असा सांगतो. मला तो उलटा वाचावासा वाटतो. त्या दिवशी इंदूला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं, आणि बाबा तिच्या आयुष्यात अजून आलेच नव्हते. ती तशीच होती. म्हणजे सेवेचं बाळकडू तिला लग्नानंतर नवऱ्याकडून मिळालं हे म्हणणंच चूक आहे.

पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचा श्रमाश्रम. सगळ्या जातींची माणसं एकत्र राहणार, एकत्र कष्टणार, एका पंक्तीला जेवणार. सोवळ्याच्या घरातून आलेल्या विशीतल्या मुलीने हे पहिल्या वर्षीच पेललं. मग १९४९ साली महारोगी सेवा समिती, आणि जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाची सुरुवात. ६ कुष्ठरोगी, १ लंगडी गाय, १ कुत्रा आणि १४ रुपये, हा हिशेब तर आता तोंडपाठ झालाय सगळ्यांना. त्या हिशेबात न धरलेलं असं काही होतं: दोन लहान मुलं आणि त्यांची आई. धाकटा प्रकाश अडीच वर्षांचा. खडकाळ माळ, पाण्याची वानवा, साप-विंचू, रात्री जनावरांची भीती. अडीच वर्षांचं मूल दिवसातून किती वेळा पडतं, काय काय तोंडात घालतं, हे ज्यांनी वाढवलंय त्यांना सांगायला नको.

मला म्हणायचंय ते एवढंच, की आनंदवनात जे आले त्यांना औषध हवं होतं हे खरं, पण त्याच्या आधी घर हवं होतं. घरानेच त्यांना बाहेर काढलं होतं. औषध दवाखाना देतो, जमीन सरकार देतं, कल्पना बाबांसारखा माणूस देतो. घर कोण देतं? त्याला दूध काढणारं, भात शिजवणारं, आजाऱ्याच्या उशाशी बसणारं, भांडण मिटवणारं कुणीतरी लागतं. ते काम साधनाताईंचं. त्या कामाला पुरस्कार नसतो, म्हणून ते इतिहासात ‘सोबत पत्नीही होत्या’ अशा एका ओळीत उरकतं.

तुम्हाला काय वाटतं?

पिंपळपान

फार छान लिहिलंस. ‘समिधा’ हे नावच किती बोलकं आहे. बाबांना १९७१ ला पद्मश्री, १९८५ ला मॅगसेसे, १९८६ ला पद्मविभूषण. यादी सगळ्यांना पाठ आहे. ताईंच्या नावापुढे आपल्याला जन्मसाल तरी आठवतं का, असा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर नाही असंच आलं.

उत्तरा

मी थोडं वेगळं मांडते, राग मानू नका.

साधनाताईंबद्दल आदर आहेच. पण अशा आयुष्यांचा गौरव वाचताना मला धास्ती वाटते. आमच्या घरी वडील समाजकार्यात होते. घरी रात्री-अपरात्री माणसं यायची. आई उठायची, पिठलं टाकायची. सगळे म्हणायचे, वहिनी म्हणजे अन्नपूर्णा. तिला बी.ए. पूर्ण करायचं होतं, हे मला तिच्या सत्तरीत कळलं. ‘अन्नपूर्णा’ म्हटल्यावर पुढे विचारायलाच नको, असं होऊन जातं. समाजासाठी झटणारी पत्नी, आई, आजी ही प्रतिमा आपण जेवढी उंच नेतो, तेवढं घरातल्या साध्या बाईला ‘मला हे नको’ म्हणणं अवघड होतं.

दुसरं, मुलांचं काय? ती कुष्ठरोग्यांमध्ये वाढावीत हे आईवडिलांनी ठरवलं, मुलांनी नाही. संसर्गाची भीती त्या काळी खरी होती. हे प्रश्न विचारले म्हणजे अपमान होतो असं मला वाटत नाही.

रानजाई

उत्तरा, राग कसला? तुझ्या आईचं वाचून गलबलून आलं.

तुझं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच ‘त्याग’ हा शब्द मी मुद्दाम वापरला नाही. ताईंच्या आत्मकथनातली बाई मुकाट सोसणारी नाही. ती चिडते, थकते, नवऱ्याचा हट्ट तिला जड जातो. तरी ती तिथे राहते, आणि ते तिचं स्वतःचं ठरवणं आहे असं मला वाचताना जाणवलं. तुझ्या आईला ठरवायला जागाच मिळाली नाही. दोघींनी पिठलं टाकलं असेल, पण ते एकच काम नव्हे.

मुलांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मी आई म्हणून हे केलं नसतं, एवढं प्रामाणिकपणे सांगते.

पायवाट

संसर्गाचा मुद्दा आलाय म्हणून लिहिते. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून काम करते, चट्टे तपासत गावं फिरणं हीच नोकरी.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सननी १८७३ साली दाखवला. म्हणजे हा शाप नाही, मागच्या जन्मीचं पाप नाही, जंतूने होणारा आजार आहे हे तेव्हापासून माहीत आहे. हा आजार पटकन लागणारा नाही. साधारण ९५ टक्के लोकांमध्ये त्याला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. उपचार सुरू झाले की रुग्णापासून इतरांना होणारा धोका लवकरच संपतो. १९५१ साली डॅप्सोन हे औषध हाताशी होतं, ते वर्षानुवर्षं घ्यावं लागे. आजची बहुविध औषधं, ज्याला आम्ही एमडीटी म्हणतो, ती जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली. आता कमी जंतूंच्या प्रकारात ६ महिने, जास्त जंतूंच्या प्रकारात १२ महिने गोळ्या, त्याही मोफत.

तेव्हा उत्तराताई, त्या काळातली भीती खरी होती, धोका भीतीएवढा मोठा नव्हता. पण त्या वेळच्या आईला हे कोण समजावून सांगणार होतं? ज्ञान असूनही आज शिकलेली माणसं हात मागे घेतात. म्हणून मला ताईंचं मोल जास्त वाटतं.

रानजाई, तुम्ही ‘घर’ म्हणालात ते आमच्या कामात रोज दिसतं. या आजारात नसा मरतात, हातापायाला कळत नाही. चुलीवरचं गरम भांडं उचललं तरी भाजल्याचं कळत नाही, खडा टोचून जखम चिघळते तरी पत्ता नसतो. बोटं ‘झडत’ नाहीत, न कळणाऱ्या जखमांनी ती हळूहळू आखडतात, झिजतात. म्हणून आम्ही मऊ रबराच्या, एमसीआरच्या चपला देतो, रोज हातपाय पाण्यात भिजवून तेल लावायला आणि तळवे डोळ्यांनी तपासायला सांगतो. आता बघा, स्वतःचा तळवा वाकून स्वतःला नीट दिसत नाही. रोज संध्याकाळी कुणीतरी बघणारं लागतं. ते कुणीतरी ज्याच्या घरात नाही त्याचा पाय जातो, गोळ्या पूर्ण करूनही.

वर्धेकाठचा

माझं आजोळ वरोऱ्याचं. आजी सांगायची ते लिहितो.

सुरुवातीला आनंदवनातली भाजी गावात कोणी घेत नसे. भाजी उत्तम, पण पिकवणारे हात कोणाचे म्हणून लोक तोंड फिरवत. आजीची सासू तर तिकडून आलेला वारासुद्धा नको म्हणायची. आजीने एकदा लपून वांगी घेतली आणि घरी बाजारातली म्हणून सांगितली. पुढे देशोदेशींचे स्वयंसेवक येऊन आनंदवनात राहिले, त्यांनी तिथल्या लोकांसोबत विटा वाहिल्या, एकत्र जेवले. गोरे लोक जेवतात तर आपल्याला काय होतं, असं म्हणत गाव हळूहळू सैल झालं. याचं आजीला शेवटपर्यंत वाईट वाटायचं. ‘परदेशातून माणसं आली तवा आमाले समजलं. ती बाई दोन लेकरं घिऊन तिथंच राहत होती, तिच्याकडं पाहून नाही समजलं,’ असं म्हणायची.

साठच्या दशकात त्याच लोकांनी बांधलेल्या आनंद निकेतन महाविद्यालयात गावची मुलं शिकायला जाऊ लागली. माझा मामाही तिथलाच पदवीधर.

मी स्वतः बाबांच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ प्रकल्पावरच्या श्रमसंस्कार छावणीला गेलोय, मे महिन्यात. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे फावडं-टोपली, दुपारी चर्चा. घरी आईने ताट उचलायला लावलं नव्हतं असा मी, तिथे आपली थाळी आपण धुवायला शिकलो. आल्यावर आई रडली होती.

विधिज्ञा

कायद्याच्या अंगाने भर घालते, कारण तो थेट ‘घर’ या मुद्द्याशी जोडलेला आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण धरलेलं होतं. आजार बरा होऊ लागल्यावरही ते तसंच राहिलं. २०१९ साली संसदेने वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती करून ते काढलं. रुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजांचा कायदाही २०१६ मध्ये रद्द झाला. थोडक्यात, साधनाताई २०११ मध्ये गेल्या तेव्हा या देशात कुष्ठरोग हे संसार मोडण्याचं कायदेशीर कारण होतं.

आता हे आनंदवनाच्या शेजारी ठेवून बघा. तिथे बऱ्या झालेल्यांची लग्नं लागली. घरातून काढलेल्या म्हाताऱ्यांसाठी उत्तरायण आणि मुलांसाठी गोकुळ उभं राहिलं. अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा झाल्या. कायदा संसार मोडायला परवानगी देत होता तेव्हा एका माळावर नवे संसार मांडले जात होते. मी या विषयावर वकील म्हणून बरीच वर्षं बोलतेय, पण लग्नघरात मागे बसून धुणं धुणारी मुलगी आणि हे काम यांच्यातला धागा मला आज या चर्चेत पहिल्यांदा दिसला.

उत्तरा

विधिज्ञा, हे २०१९ चं मला माहीत नव्हतं. सुन्न झाले.

पायवाट, तळवा बघणाऱ्या माणसाचं वाक्य वाचून मी थांबले. मी आईला ‘अन्नपूर्णा’ म्हणण्यावर चिडते, पण तिच्यामुळे वडिलांच्या आणि त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आयुष्यात नेमकं काय टिकलं, हे मी कधी बघितलंच नाही. तिच्यावर अन्याय झाला हे मी अजूनही म्हणते. तिचं काम मोठं होतं, हेही त्याच वेळी खरं असू शकतं.

सुगरण

मला आजीपणाबद्दल कुणी लिहील असं वाटत होतं. धाग्यात पत्नी आली, आई आली, आजी कुठे आहे?

रानजाई

सुगरण, बरं विचारलंस, कारण मला सगळ्यात जास्त तिथेच रेंगाळायचं होतं.

मुलं मोठी झाली. दोघेही डॉक्टर, सुनाही डॉक्टर. साधारणपणे इथे आईची तपश्चर्या फळाला आली असं म्हणून गोष्ट संपते. इथे मुलगा प्रकाश आणि सून मंदाकिनी गडचिरोलीतल्या भामरागडच्या जंगलात गेले. २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. वीज नाही, पावसाळ्यात वाटा बंद, वर्षातले कित्येक महिने जगाशी संपर्क नाही. तिथल्या माडिया गोंड आदिवासींची भाषा येत नाही, आणि तेही डॉक्टरांकडे यायला घाबरतात. साधनाताईंची नातवंडं तिथे वाढली.

आपण आईचं ओझं बोलतो, पण आजीचं हे वेगळंच असतं बघा. स्वतःची मुलं माळावर वाढवली ते आपल्या जबाबदारीवर. आता मुलगा नातवंडांना तसंच वाढवतोय, आणि ‘नको रे’ म्हणायचा हक्क तुम्ही स्वतःच्या आयुष्यानेच गमावलेला आहे. माझा मुलगा सून-नातवाला घेऊन दुसऱ्या शहरात गेला तर मी दोन दिवस जेवले नाही. या बाईने काय केलं असेल त्या पावसाळ्यांत, पत्रही पोचत नसताना? मला खरंच कल्पना करवत नाही.

आणि उतारवयात तरी विसावा? १९९० मध्ये बाबा नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, धरणाविरुद्धच्या लढ्यात. ताई त्यांच्याबरोबर गेल्या. वय साठीच्या पुढे. बाबांना पाठीच्या मणक्याचा त्रास एवढा, की त्यांना बसताच येत नसे. उभं राहायचं नाहीतर पडून राहायचं. अशा माणसाला सांभाळत, चाळीस वर्षं उभं केलेलं घर मागे ठेवून, दुसऱ्या प्रांतात नव्याने चूल मांडायची. जवळजवळ दहा वर्षं त्या तिथे होत्या. हे मला आनंदवनाच्या पहिल्या वर्षांपेक्षा कठीण वाटतं. विशीत अंगात बळ असतं. साठीत आपली भिंत, आपलं झाड, आपली नातवंडं लागतात.

९ फेब्रुवारी २००८ ला बाबा गेले. त्याच वर्षी प्रकाश आणि मंदाकिनी यांना मॅगसेसे मिळालं. ताईंनी ते पाहिलं. आज त्यांचे नातू दिगंत आणि अनिकेत हेमलकशात, कौस्तुभ आनंदवनात काम करतात. नातवंडं त्या वाटेवर उभी राहिली ती भाषणं ऐकून राहिली असतील असं मला वाटत नाही. मुलं भाषणं ऐकत नाहीत. आजी कुणाला कुठल्या ताटात वाढते ते बघतात.

सुगरण

शेवटची ओळ वाचून आमची आजी आठवली. मोठं नाव नाही, गावाबाहेर कुणाला माहीतही नाही. पण गावात बाळंतीण अडली, कुणाकडे मयत झालं, कुणाची पोर सासरहून परत आली की पहिली आमची आजी पोचायची. मयताच्या घरी चूल पेटत नाही, तर ही पिठाचा डबा डोक्यावर घेऊन निघायची. आजोबा म्हणायचे, ‘आपल्या घरात आज काय आहे ते बघ आधी.’ ती म्हणायची, ‘बघितलंय, म्हणूनच निम्मंच नेतेय.’

ती गेली तेव्हा स्मशानात गावातल्या सगळ्या वस्त्यांची माणसं होती. गावात तोवर असं झालं नव्हतं. तिचा एकही नीट फोटो आमच्याकडे नाही, एक आहे तो लग्नातल्या घोळक्यातला. साधनाताईंनी निदान स्वतः सांगून ठेवलं. आपल्या घरातल्यांचं कोण लिहिणार?

पिंपळपान

आपणच. माझी आई ८१ वर्षांची आहे. तिच्या महिला मंडळाने पूर्वी गावात बालवाडी सुरू केली होती, एवढंच मला माहीत आहे. कशी, कुठल्या जागेत, पैसे कुठून आले, विरोध कुणी केला, काहीच नाही. या रविवारी तिला बसवून विचारणार आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करीन. विचारायला काय काय घेऊ? सुचवा.

विधिज्ञा

‘तुझं आयुष्य सांग’ असं विचारू नका, त्या ‘काय सांगायचं त्यात’ म्हणतील. एखादी वस्तू घ्या. बालवाडीची सतरंजी कुणाच्या घरची होती? किल्ली कुणाकडे असायची? सासरी त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला? अशा प्रश्नांनी माणसं आपोआप बोलू लागतात. साक्षीदारांशी बोलताना मी हेच करते.

उत्तरा

आणि हेही विचारा, की तिला त्या वेळी दुसरं काही करायचं होतं का. मी माझ्या आईला हे फार उशिरा विचारलं.

वर्धेकाठचा

आमच्या आजीचं वांग्याचं मी इथे पहिल्यांदा लिहिलं. मामाला धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, आजी नंतर दर आठवड्याला उघड उघड आनंदवनातली भाजी घ्यायची आणि सासूला सांगूनच शिजवायची. सासू दुसऱ्या चुलीवर स्वतःपुरतं करायची, वर्षभर. मग एक दिवस तिनेही वाढून घेतलं. कुणी काही बोललं नाही म्हणे त्यावर.

पायवाट

दोन दिवस या धाग्यावर येता आलं नाही, फिरतीवर होते.

माझ्या भागात एक आजी आहेत. गोळ्यांचा १२ महिन्यांचा कोर्स कधीच पूर्ण झालाय, बऱ्या आहेत. पण घरात त्यांचं ताट-वाटी अजून वेगळी, पडवीत. मी दर वेळी सुनेला समजावते, ती मान डोलावते, पुढच्या वेळी ताट पडवीतच. काल गेले तेव्हा मी काहीच समजावलं नाही. आजींच्या शेजारी पडवीत बसले आणि म्हटलं, आज मला भूक लागलीय, आजींच्या ताटातच वाढा. सून बराच वेळ दारात उभी राहिली. मग भाकरी आणि वरण घेऊन आली. आम्ही दोघी एका ताटात जेवलो. नातू पाचेक वर्षांचा असेल, तो येऊन ताटाशी बसला. सुनेने त्याला हाक मारली, पण उठवलं नाही.

निघताना बघितलं तर ताट धुऊन परत पडवीच्या कोनाड्यातच ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात आजींच्या पायाची जखम बघायला जायचंय, तेव्हा पुन्हा जेवायलाच जाते.